उसन्या अळ्या

शेतात कीड नसणे ही शेतकऱ्याची अक्षम्य बेजबाबदारी आहे. निडीच्या महिपतीला हे वयाची बावन्न वर्षे ठाऊकच नव्हते.

भात कापल्यावर पेरलेला त्याचा वाल शेंगांनी लगडला होता. घरच्या वर्षभराच्या बिरड्याची भिस्त त्याच्यावरच. याच शेतात मोठे साहेब पंधरवड्याने मित्रकीटक सोडणार होते. म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीचा काटा काढणाऱ्या बारीक माश्या. कृषी सहायक कमळाकर पाहणीला आला आणि मटकन बांधावर बसला.

"महिपतीदादा, अळी कुठाय?"

"नाय. ह्या बारक्या माश्या हायत ना, त्या अळीच्या अंगातच अंडी घालतात. अळी जगतेय कुठं?"

"म्हणजे मित्रकीटक आधीपासूनच आहेत?"

"माझ्या आज्याच्या वक्तापासून."

"आणि कार्यालयाला कळवलं नाही! अहो, योजना तीव्र प्रादुर्भावाची मंजूर झालीय."

मंजुरी खोटी पडू नये म्हणून कमळाकरने गागोदे गावातून दोन डबे अळ्या रीतसर पोचपावती देऊन उसन्या आणल्या. दोन दिवसांत महिपतीच्या माश्यांनी निम्म्या गारद केल्या. मग कमळाकरने उरलेल्या अळ्या वेचून पुन्हा डब्यात भरल्या आणि माश्यांवर जालीम फवारा मारला. फवाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत अळ्यांना परसातल्या वेलाच्या कोवळ्या शेंगा भरवायचे काम महिपतीच्या बायकोकडे आले.

"भाऊ, माझ्या पोरांना येवढ्या कवळ्या शेंगा कधी नाय गावल्या," हौसा म्हणाली. "हे पावणे जाणार कवा?"

"वहिनी, ते सरकारी कामावर आहेत."

"आणि आमचा वाल?" महिपतीने विचारले.

"वाल हे प्रात्यक्षिकाचं माध्यम आहे."

आदल्या दिवशी अळ्या पुन्हा वालावर सोडल्या. ठरल्या दिवशी साहेब चार तास उशिरा आले. "प्रादुर्भाव छान आहे," म्हणाले. मित्रकीटकांचे कोष चिकटवलेली कार्डे पानांना टाचली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कार्डांतल्या माश्या सकाळपासून जीपच्या काचेखाली उन्हात भाजत होत्या. त्यांतली एकही बाहेर आली नाही. साहेब गेले. अळ्या राहिल्या.

अळ्यांनी सोडले तेवढे टोपलीभर वाल हौसाने खालमानेने रोह्याच्या बाजारात मांडले. बहुतेक दाण्यांना भोक. आपण गिऱ्हाईक म्हणून तिथे गेलो, एक दाणा उजेडात धरला आणि शेजारणीला म्हणालो, "बघा, भोक आहे, म्हणजे बिनफवारणीचे!" हौसा काही सांगू पाहत होती. तोवर आपण भोकाचे दाणे निवडनिवडून पिशवीत भरले होते.

बिनभोकाचे ओंजळभर उरले. ते कोणी घेतले नाहीत.