डाव्या गालावरची भेग

तिसरीच्या वर्गाची रस्त्याकडची भिंत कलली असून तिच्यात हात जाईल एवढी भेग पडली आहे, असा अर्ज वर्गाच्या बाईंनी बांधकाम कार्यालयाकडे सातव्यांदा केला. सातव्यांदा उत्तर आले : ‘भिंत निरीक्षणाखाली आहे.’ भिंतीखाली मुले होती, याचा उल्लेख उत्तरात नव्हता.

बाईंचा नवरा चित्रकार. “अक्षरं वाचायचा त्यांना कंटाळा असेल. मी दाखवूनच देतो,” म्हणत त्याने ती भिंत जशीच्या तशी कॅनव्हासवर उतरवली : पोपडे, ओल आणि तिच्यावर डकवलेले लाडक्या नटाचे पोस्टर, ज्याच्या बरोबर डाव्या गालातून भेग खाली उतरत होती.

प्रदर्शनात झुंबड उडाली. लोक चित्रापुढे चपला काढून उभे राहू लागले. भिंतीचे दुःख अखेर पोचले, या समजुतीने चित्रकाराचा ऊर भरून आला. तेवढ्यात चाहता मंडळाचे अध्यक्ष कडाडले, “साहेबांच्या गालाला तडा? कुणाचं हे काम?”

“भिंतीचं. तिच्यामागे शाळा भरते हो!”

“शाळेचं शाळा बघेल. तुम्ही गालाचं बोला!”

दुपारच्या आत कार्यालयाचे अभियंता दोन गवंड्यांसह हजर झाले आणि टेप लावून चित्रातली भेग मोजू लागले.

“अहो, खरी भेग शाळेत आहे!” चित्रकार कळवळला.

“तक्रार या भेगेची आहे.”

“आणि ते सात अर्ज?”

“ते अर्ज होते,” अभियंता मायेने म्हणाले. “ही भावना आहे.”

गवंड्यांनी डाव्या गालावर सिमेंट थापले, थापीने गुळगुळीत केले. त्या भाराने चित्र पुढे कलले, तेव्हा त्याला तातडीने दोन लोखंडी टेकू मंजूर झाले.

आठवड्याने बाईंना पत्र आले : ‘भेग बुजवून टेकू दिले आहेत. छायाचित्र सोबत. अर्ज निकाली.’

बाईंनी ते दोनदा वाचले. “अहो, टेकू तुमच्या चित्राला मिळालेत. उद्यापासून वर्ग तिथेच भरवू का?”

चित्रकाराला हसू आवरेना. मग बाईही हसल्या, आणि दोघांनी मिळून वर्गातली सगळी बाके भिंतीपासून दूर, दाराशी ओढली.

वाचकहो, नटाच्या कुठल्या गालाला तडा गेला होता, हे आपण झोपेतही सांगाल. आता पुन्हा वर न पाहता एवढेच सांगा : त्या भिंतीखाली कितवीची मुले बसत होती?