दाढेसाठी देहत्याग

शरीर सोडून बाहेर पडणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. लोक उगाच बाऊ करतात! ज्याला जिना उतरता येतो, त्याला शरीरातूनही उतरता येतं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, दाढ काढायला गेलो त्या दिवसापर्यंत होतं.

मला रक्त चालतं, सुई चालते, बायकोच्या माहेरचा मुक्कामसुद्धा चालतो. पण माझ्या तोंडात कुणी पक्कड घालणार म्हटलं की माझं पाणी पाणी होतं. हे मी नेमकं मेहुण्याजवळ बोललो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा गृहस्थ कुठलीही विद्या अर्धी शिकतो आणि पूर्ण शिकवतो!

"भाऊजी, दाढ काढताना तुम्ही तिथे असायलाच हवं का?"

"मग काय दाढेला एकटीला पाठवू?"

"देहाला पाठवा! तुम्ही सूक्ष्म रूपानं बाहेर पडा. छतापाशी तरंगायचं, खाली काय चाललंय ते मजेत बघायचं, काम झालं की परत आत!"

पद्धत सोपी होती. अंग सैल सोडायचं, डोळे मिटायचे, छतातून एक दोर लोंबतोय अशी कल्पना करायची आणि मनानं तो धरून वर चढायचं.

"धोका काही?" मी विचारलं. विचारलेलं बरं!

"किरकोळ. रिकामं घर बघून कुणी घुसतं ना, तसं रिकाम्या देहात दुसरा कुणी घुसू शकतो. तशी शंका आली की धावत यायचं आणि आपल्या देहावर सपाट आडवं व्हायचं. आपोआप आत शिराल!"

आता खरं सांगतो, दाढ हे अर्धंच कारण. दातांचा दवाखाना आमच्या ऑफिसच्या बरोबर वरच्या मजल्यावर होता. ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि उमेदवार दोघेच: मी, आणि माझ्या समोरच्या टेबलावरचा तो गोडबोल्या. आमचे साहेब तोंडावर कुणालाच काही बोलत नाहीत. पण पाठीमागे काय बोलतात? देह वरच्या मजल्यावर ठेवून आपण खाली एक चक्कर मारली तर? दाढही जाईल आणि बातमीही कळेल!

घरी सोफ्यावर सराव केला. दोर काही दिसला नाही, पण घोरणं मात्र उत्तम जमलं. बायको म्हणाली, "अहो, देह सोडायचाय तर निदान तोंड मिटून सोडा!"

तर तो दिवस उजाडला. डॉक्टरीणबाईंनी मला लांबलचक खुर्चीत आडवं केलं, गळ्यात कागदी लाळेरं अडकवलं, अंगावर हिरवी चादर घातली आणि माझा चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला माणूस आणि कपाट यांत फरक कळत नाही. मग इंजेक्शन टोचलं.

"बधिर व्हायला थोडा वेळ लागेल हं काका. पडून राहा, आलेच मी."

त्या गेल्या. मी डोळे मिटले, दोर धरला. आणि काय सांगू! आधी ओठ गेला. मग गाल गेला. मग अर्धी हनुवटी गेली. मी हप्त्याहप्त्यानं देहाबाहेर पडत होतो! स्वतःला चिमटा काढला. गालाला काढला, हे कबूल. काही म्हणजे काही जाणवलं नाही! मी अलगद उठलो, उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. खुर्चीत हिरव्या चादरीखाली माझा देह निपचित पडला होता. (तो मी मानेखाली घेतलेला माझा गुंडाळलेला कोट होता, हे नंतर कळलं.) किती बारीक झालो होतो मी! डोळ्यांत पाणी आलं.

भिंतीतून आरपार जायचा विचार होता, पण पहिलीच खेप, म्हणून दारानंच गेलो. बाहेर बाकावर बसलेली माणसं मोबाइलमध्ये घुसली होती. एकाच्या तोंडासमोर मी हात हलवला. त्यानं मान जराशी बाजूला केली आणि बोट फिरवत राहिला. झालं! खात्री पटली! मी अदृश्य होतो!

जिना उतरून ऑफिसात शिरलो. सगळे साहेबांच्या केबिनमध्ये फोटोला उभे राहिल्यासारखे एका ओळीत उभे होते आणि समोरच्या भिंतीवर काहीतरी मोठं उजळलेलं होतं. कुणी माझ्याकडे मान वळवली नाही. मी गोडबोल्याच्या कानाशी जाऊन भुंकलो. तो ताठच! मग मी साहेबांच्या खुर्चीमागे गेलो. साहेबांचं टक्कल मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. अदृश्य माणसानं करावं तरी काय? त्या टकलावर दोन बोटांची शिंगं धरली. मग एक गिरकी घेतली. मग, इतकी वर्षं मनात होतं म्हणून, थोडा नाचलो.

आणि त्याच वेळी साहेबांच्या तोंडून माझं नाव आलं!

"हेडक्लार्कसाठी मी त्याचीच शिफारस करतो, सर. अतिशय गंभीर माणूस. वीस वर्षांत कधी वावगं वागला नाही. माझ्या माघारी ऑफिस सोपवावं तर त्याच्याचकडे!"

इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. लग्नातसुद्धा! मी भरल्या डोळ्यांनी साहेबांच्या टकलावरून हात फिरवला.

उजळलेल्या भिंतीतून आवाज आला, "ते ठीक आहे. पण तुमच्यामागे नाचतोय तो कोण?"

हेड ऑफिसचे मोठे साहेब! पडद्यावर, व्हिडिओ कॉलवर! साहेब हळूहळू वळले. मी दचकून विचारलं, "थाहेब, मी तुम्हाला दिथतो?"

"दिसतो? अहो, लाळ गळतेय तुमची माझ्या खांद्यावर!"

मी दिसत असेन तर वर खुर्चीत कोण आहे? मी धूम ठोकली ती थेट दवाखान्यात. आणि बघतो तर काय! डॉक्टरीणबाई खुर्चीवर वाकलेल्या, आणि माझा देह मघापेक्षा तिप्पट फुगलेला! शिवाय तो घोगऱ्या आवाजात ओरडत होता, "हळू हो बाई!" माझा आवाज तर असा नाही! म्हणजे आत कुणीतरी घुसलं होतं!

"बाहेर नीघ!" मी गरजलो आणि मेहुण्याच्या सूचनेप्रमाणे त्या देहावर सपाट आडवा झालो.

ते एक निवृत्त कवायतमास्तर होते. मी पळून गेलो असं समजून डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं होतं. मास्तरांनी मला उचललं आणि जमिनीवर आपटलं. कंबरेला जो काही झटका बसला, त्यानं मी शंभर टक्के देहात आहे याबद्दल कुणालाही शंका उरली नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकावर चष्मा बसवला. खुर्चीत लालबुंद मास्तर, कोपऱ्यात माझा कोट, आणि दारात धापा टाकत आमचे साहेब, मागे अख्खं ऑफिस!

दाढ त्याच दिवशी निघाली. मी पूर्णपणे हजर असताना. जरासुद्धा दुखलं नाही हो! हेडक्लार्कच्या खुर्चीत आता गोडबोल्या बसतो. साहेबांनी माझ्या बाजूनं खूप भांडून पाहिलं म्हणे, "इंजेक्शनमुळे तो जागेवर नव्हता." मोठे साहेब म्हणाले, "जागेवर नसतो, तर मग जागा कशाला द्यायची?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती स्वयंपाक करत होती. हसली नाही, हे विशेष. एवढंच म्हणाली, "अहो, आपल्याबद्दल लोकांना काय वाटतं, ते ऐकायला एवढा खटाटोप? मला विचारायचं! बसा. मी सांगते."

आणि तिनं गॅस बारीक केला. प्रकरण बराच वेळ चालणार, एवढं कळण्याइतका शुद्धीवर मी होतो.