गोलातला ख

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या कॉलनीजवळच्या बागेत गेलात, तर अडुसष्ट वर्षांचे एक भरभक्कम गृहस्थ घसरगुंडीवरून खाली येताना दिसतील. हसत वगैरे नाही. कपाळाला आठ्या, दोन्ही हात छातीशी बांधलेले आणि कान पत्र्याच्या आवाजाकडे. खाली पोचले की ते उठतात, पँटची मागची बाजू हाताने चाचपतात, आणि ती शाबूत असली तर खिशातून खडू काढून घसरगुंडीच्या पायाशी एक गोल काढतात. त्या गोलात एक 'ख' लिहितात. मग स्वतःशीच म्हणतात, "पास," आणि झोक्याकडे वळतात.

हे आमचे शेजारी खरात अप्पा. बसच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं तपासनीस होते. दुरुस्त झालेली बस अप्पांच्या खडूशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. अप्पा निवृत्त झाले, खडू मात्र झाला नाही. त्यांच्या घरात कुकरवर ख आहे, स्टुलावर ख आहे, माळ्यावर चढायच्या शिडीवर ख आहे. सुजाता, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लहान असताना तिच्या सायकलवर दर रविवारी नवा ख लिहिला जायचा. पावसाने तो पुसला गेला की सायकल घरात. सोमवारी पोरगी शाळेत पायी जायची आणि अप्पा तिचं दप्तर धरून मागे चालायचे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आमची कॉलनी सिडकोतली. घरं लहान, पोरं भरपूर. रविवारी संध्याकाळी सात-आठ कुटुंबं मिळून डबे घेऊन कुठल्या तरी बागेत जायचं, हा परिपाठ अप्पांनीच सुरू केला. पण कुठलीही बाग आदल्या दिवशी अप्पांनी तपासल्याशिवाय पोरांनी तिथं पाय ठेवायचा नाही. घसरगुंडी सकाळी एकदा आणि उन्हं उतरताना एकदा, अशी दोनदा तपासतात. दुपारभर तापलेल्या पत्र्यावर ते आधी उलटा हात ठेवतात, मग गाल. साखळीची कडी नि कडी बोटांनी मोजतात. पिशवीत पाना, वंगणाची बाटली आणि जुन्या बनियनचा तुकडा असतोच.

बागेच्या फाटकात पोरांची रांग लागते आणि परीक्षा सुरू होते.

"झोका चालू असताना म्होरून कोण जाणार?"

"कुणी नाय!"

"घसरगुंडीवर उलटं कोण चढणार?"

"कुणी नाय!"

"ढकलाढकली केली तर?"

"फेल!"

पोरं हे सगळं अशा आनंदाने ओरडतात, की जाणारे-येणारे थांबून बघतात. माझी सात वर्षांची मुक्ता तर घरी आंघोळीच्या बादलीलाही पास-फेल करते.

अप्पांच्या जगात तिसरा प्रकार नाही. माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, नव्या चपला त्यांनी क्रांती चौकात भर गर्दीत फेल केल्या. "वैशाली, टाच बघ गं. ही तुला पाडणार." चारच दिवसांनी टाच निघाली आणि वैशाली पडली. तेव्हापासून ती गुलमंडीच्या बाजारातून काही आणलं की आधी अप्पांना दाखवते आणि मग मला. मला याचं वाईट वाटत नाही, असं मी म्हणत असतो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे खडूचा पुरवठा माझ्याकडे. अप्पांना महिन्याला एक अख्खी पेटी लागते. तीन बागा, महिन्याचे चार रविवार, घरातले कुकर-स्टूल धरले तरी हा हिशेब जुळत नव्हता. पण दुसऱ्याच्या खडूची चौकशी करणं मला बरं वाटलं नाही.

आता सुजाताबद्दल सांगायला हवं, कारण कॉलनीत ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी तिने स्वतः एक मुलगा पसंत केला. मुलगा समाजातला, शिकलेला, बोलायला चांगला. अप्पांनी त्याला घरी बोलावलं, चहा पाजला, तासभर प्रश्न विचारले. मुलाने तीन वर्षांत चार नोकऱ्या बदलल्या होत्या. अप्पांनी कप खाली ठेवला आणि बैठकीत दहा माणसं बसलेली असताना निकाल दिला, "फेल. पोराला ब्रेक नाय."

सुजाता अप्पांचीच लेक. तिने महिन्याभरात कोर्टात लग्न केलं. बीड बायपासला बिऱ्हाड थाटलं. पुढे तिला मुलगी झाली, गाथा. अप्पा गेले नाहीत. त्यांनी नातीला पाहिलेलंच नव्हतं.

एकदा मी धीर करून विषय काढला. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी मला वर्कशॉपचा नियम सांगितला. "गुरुजी, फेल गाडी डेपोनं परत आणायची असती. मग तपासणारा परत बघतो. पास बी करतो. पण तपासणारा गाडीच्या मागं मागं फिरत नसतो. कायदा हाय त्यो."

"पण अप्पा, ही गाडी नाही."

"कायदा सगळ्याला एकच," ते म्हणाले आणि माझ्या फाटकाची बिजागरी बघू लागले.

खरात काकूंना हा कायदा मान्य नव्हता. त्या महिन्यातून दोनदा लेकीकडे जाऊन येतात. अप्पा विचारत नाहीत, काकू सांगत नाहीत. फक्त परत आल्यावर त्या कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहून वैशालीला सगळं इतक्या मोठ्याने सांगतात, की तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जावं. "गाथाचा दात पडला गं! लई बडबडी झालीय! सुजाता दर रविवारी तिला टाकीच्या बागेत नेती!" अप्पा अंगणात पेपर धरून बसलेले असतात. काकू बोलत असेपर्यंत त्यांचं पान उलटत नाही.

टाकीची बाग म्हणजे बायपासकडची, पाण्याच्या टाकीखालची छोटीशी बाग. आम्ही तिथं कधीच गेलो नव्हतो. अप्पा जाऊच देत नसत. कधी म्हणायचे तिथं मधमाश्या आहेत. कधी म्हणायचे, माती चिकट आहे. एकदा तर म्हणाले, "तिथला वारा बरा नाय." कारण सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे कुणी ताणत नसे.

पण यंदा त्या बागेत डायनासोर आला. लोखंडी, हिरवा, दोन मजली. शेपटीवरून शिडीने चढायचं, पोटातून घसरायचं आणि तोंडातून बाहेर यायचं. मुक्ताच्या वर्गातल्या एका मुलीने हे वर्णन केलं आणि आमच्या पोरांनी बंड पुकारलं. रांगच लावेनात. शेवटी वैशालीने जाहीर केलं की येत्या रविवारी टाकीची बाग.

"जावा तुम्ही," अप्पा म्हणाले. "मी नाय येणार. माझी तपासणी झालेली नाय तिथली."

यावर सगळ्या आयांचा बेत डळमळला. अप्पांची थट्टा सगळेच करत, पण खडूशिवाय पोरगं झोक्यावर बसवायची हिंमत आता कुणाच्यात उरलेली नव्हती. म्हणून मी म्हणालो, मी जाऊन तपासून येतो. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनापरवान्याची बस काढतोय.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी खिशात खडू टाकून टाकीच्या बागेत गेलो. फाटकाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. आत तो डायनासोर आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेले दोन पाय. पायांत कातडी बूट, वर खाकी पँट. पाय थोडे पुढे सरकले, थांबले, आतून कसलासा ठोकल्याचा आवाज आला. मग हळूहळू अख्खे खरात अप्पा बाहेर आले. हातात पाना होता.

मला बघून त्यांनी पाना पाठीमागे धरला.

"जरा खिळा वर आला व्हता," अप्पा म्हणाले.

डायनासोरच्या पायावर ताजा ख होता. पलीकडे झोक्याच्या खांबावर ख होता. सी-सॉवर, जंगलजिमवर, अगदी बाकड्यावरसुद्धा ख होता, आणि प्रत्येकाखाली अर्धवट पुसलेले जुने ख होते. खडूच्या पेटीचा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर जुळत गेला.

अप्पांनी खिशातून बनियनचा तुकडा काढला आणि एकेक करून सगळे ख पुसून टाकले. बाकड्यावरचासुद्धा. "आज तपासणी झाली नाय असं समजा, कुणाला सांगू नगा," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यांचा डावा गुडघा दुखत होता, हे चालण्यावरून दिसत होतं.

मी वॉचमनला विचारलं, हे नेहमी येतात का.

"हौ साब, हर शनिचर आते. चार साल हो गए," तो म्हणाला. "मेरे कू तो लगा, मुन्शिपाल्टी के बड़े साब हैं. मैं सलाम ठोकतूं उनकू."

घरी आल्यावर मी हे फक्त वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना उद्या आणाच."

रविवारी मी अप्पांकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. "अप्पा, मला काही तपासता आलं नाही. पोरं तर निघालीत." अप्पा उठून बूट घालू लागले. "मी फाटकाभाईर बसणार. आत नाय येणार," म्हणाले. काकू त्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या.

बागेशी उतरल्यावर अप्पांनी पोरांची परीक्षा घेतली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग वॉचमनने उठून त्यांना सलाम केला, आपली खुर्ची दिली, आणि अप्पा बागेकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले. पोरं आत धावली. अप्पा फाटकात आहेत म्हणजे तपासणी झालीच असणार, असं धरून चाललेली. डायनासोर पुढच्या मिनिटाला त्यांच्या ताब्यात गेला.

एक मुलगी मात्र शिडीजवळ नुसती उभी होती. आमच्यातली नव्हती. पाच वर्षांची असेल, पिवळा फ्रॉक, पुढचा एक दात नाही. बाकीची पोरं तिला ओलांडून वर जात होती आणि ती डायनासोरच्या पायाभोवती फिरून खाली वाकून काहीतरी शोधत होती.

"चढ ना बाळा," वैशाली म्हणाली.

"खूण नाय," ती म्हणाली.

"कसली खूण?"

"गोल असतो. पांढरा. आई म्हणती, गोल असला तरच बसायचं. नसला की नाय बसायचं." मग तिने झोक्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यावर पण नाय आज."

मी वर पाहिलं. पलीकडच्या बाकावर सुजाता बसली होती, शेजारी काकू. सहा वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं, पण ती तशीच होती, आईसारखी हनुवटी आणि अप्पांसारख्या आठ्या. तिने मला पाहिलं होतं, आमच्या पोरांना पाहिलं होतं, आणि आता ती फाटकातल्या त्या पाठीकडे बघत होती. लहानपणी सायकलवर पाहिलेला तो ख तिला या बागेत पहिल्याच दिवशी ओळखू आला असणार. चार वर्षं तिला माहीत होतं. चार वर्षं ती रविवारी येऊन ते गोल बघून लेकीला वर चढवत होती. दोघांपैकी एकाने जरी दिवस बदलला असता, तरी भेट झाली असती. दोघांनीही बदलला नाही. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मी फाटकाशी गेलो. "अप्पा," मी म्हणालो, "आत एक छोटी गाडी तपासणीसाठी थांबलीय. डेपोनं स्वतः आणलीय."

"कुठली गाडी?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ती मुलगी काय शोधतेय, आई तिला काय सांगते ते. अप्पा रस्त्याकडेच बघत होते. एक टेम्पो गेला, दोन स्कूटर गेल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"गुरुजी, खडू हाय का?"

मी खिशातला खडू दिला. अप्पा उठले आणि बाकाकडे न बघता सरळ डायनासोरकडे चालत गेले. पोरांनी वाट दिली. अप्पा शेपटीवरून एकेक पायरी चढले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि डायनासोरच्या पोटात दिसेनासे झाले. मग पत्रा वाजला आणि अप्पा तोंडातून बाहेर आले ते थेट त्या पिवळ्या फ्रॉकसमोर.

दोघांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं.

"गोल तू काढतो?" तिने विचारलं.

"व्हय," अप्पा म्हणाले. त्यांनी उठायच्या आधी बसल्या जागीच पँट चाचपली, खडू काढला आणि डायनासोरच्या पायावर गोल काढला. गोल अंड्यासारखा झाला. आत ख लिहिला. गाथाने वाकून तो तपासला, बोट फिरवून बघितला, आणि मगच शिडीकडे पळाली.

अप्पा तसेच जमिनीवर बसून होते. शेजारी सुजाताची चप्पल दिसली तेव्हा त्यांनी आधी टाच बघितली, मग मान वर केली. सुजाताने त्यांना उठवायला हात दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"अप्पा," ती म्हणाली, "झोका राहिला."