काचेतला माळ

आमच्या शोभाताईंनी हिरव्या रंगाशी अबोला धरलाय. आता नेदरलँड्समध्ये राहून हिरव्यावर रुसायचं म्हणजे कमालच, पण त्या रुसल्या आहेत खऱ्या. डीमनमधल्या आमच्या इमारतीसमोर नगरपालिकेची माणसं गवत कापायला आली की या खिडकी लावून घेतात. "सारखं काय कापतात? गवत जरा वाळून पिवळं तरी होऊ द्या की."

शोभाताई काचकाम करतात. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या. त्याने डचच्या क्लासला घातलं, तर या शेजारच्या काचकामाच्या वर्गात जाऊन बसल्या, त्या बसल्याच. तळमजल्यावरच्या खोलीत त्यांची विजेची भट्टी आहे. काचेच्या बारीक काड्या आणि चुरा मांडायचा, भट्टीत भाजायचा, की तयार होतो तो एकच देखावा: माणदेशातला त्यांचा माळ. पिवळा, तपकिरी, मातकट. एका प्रदर्शनात डच बाईंनी कौतुकाने विचारलं, "हे वाळवंट का?" शोभाताईंनी त्यांना अर्धा तास कुसळी गवत समजावलं. बाईंनी शेवटी शेजारच्या टेबलावरून ट्यूलिपची नक्षी असलेला बाऊल घेतला.

मला तर त्या उठताबसता ऐकवतात, "तू पुण्याची. तुला काय कळणार माळ?" मी म्हणते, "नाही कळत, बाई." कोण नादी लागतंय.

गेल्या हिवाळ्यात गावाकडे दादांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, नजर पूर्ण गेली. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. "मला माळावर न्या" म्हणून रोज मुलाच्या मागे लागायचे, आणि माळाला तर कुंपण पडून सोलरची पॅनेलं बसलेली. त्यांना ते सांगायचा धीर कुणाला होईना. तेव्हा शोभाताईंनी हाताने बघायचा माळ करायला घेतला. काड्या पुरत्या वितळू द्यायच्या नाहीत, बोटाला गवत लागलं पाहिजे. कितीदा बिघडलं. "स्वतः नेऊन दादांच्या मांडीवर ठेवणार," एवढंच म्हणायच्या.

अखेर मनासारखा मांडलेला माळ भट्टीत गेला आणि संध्याकाळी भावाचा फोन आला. दादा गेले. तापलेली काच हळूहळू गार व्हावी लागते, आधी झाकण उघडलं तर तडकते. भट्टी तशीच सोडून त्या विमानात बसल्या.

दिवसकार्य उरकून परत आल्या, पण झाकणाला काही हात लावेनात. शेवटी मीच चहा घेऊन खाली गेले. म्हटलं, "ताई, उघडू या ना."

"कुणासाठी गं?"

मी चहाचा कप पुढे केला. तो बाजूला ठेवून त्या उठल्या, झाकण उघडलं आणि ती जड काच माझ्या मांडीवर ठेवली. "डोळे मीट."

मी हात फिरवला. खरखरीत गवत, जरासा चढ, एक दगड, पुन्हा गवत. मग मध्येच एक गुळगुळीत, खोलगट जागा.

"ताई, इथे काहीच नाहीये. राहून गेलं का?"

"तिथं दादा बसतात," त्या म्हणाल्या. "गवत दबलंय."