बस्त्यावचा पाला

मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात एखादा सत्तरीचा गृहस्थ तुमच्या दारापुढच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे फुटपाथलगतच्या गवताच्या पट्ट्यावर, पालथा पडलेला दिसला तर ॲम्ब्युलन्सला फोन करू नका. ते आमचे शेजारी पास्कल अंकल आहेत आणि ते तुमचं गवत तपासतायत. आमच्या गल्लीत या कारणासाठी ॲम्ब्युलन्स तीनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला तर त्या लोकांनी स्ट्रेचर बाजूला ठेवलं आणि अर्धा किलो पाला खुडून दिला. माझी बायको वर्षा म्हणते ॲम्ब्युलन्स एकदाच आली होती आणि पाला कोणी खुडला नाही. पण वर्षाला गोष्ट सांगता येत नाही.

पास्कल अंकल मूळचे वसईचे. वडलांची केळीची वाडी होती, पण यांनी हयात घालवली बिस्किटांच्या फॅक्टऱ्यांत. आधी ठाण्याला, मग इथे मेलबर्नला. काम एकच, क्वालिटी तपासायची. पट्ट्यावरून बिस्किटं येणार, अंकल बोट दाखवून म्हणणार, "रिजेक्ट." रिटायर झाले तरी पट्टा काही थांबला नाही. माझा चहा रिजेक्ट. माझी मिशी रिजेक्ट. चर्चमधले दोन फादर त्यांच्या प्रवचनासकट रिजेक्ट. मेलबर्नची हवा तर रोज सकाळी दहाच्या आत रिजेक्ट होते.

पाला म्हणजे डँडेलियनचा, त्या पिवळ्या फुलाच्या तणाचा. त्याचे नियम पासपोर्ट ऑफिसपेक्षा कडक. पानाला करवतीचे दाते हवेत, पण अंग गुळगुळीत. लव दिसली तर तो डँडेलियन नव्हे, त्याचा चुलतभाऊ. रिजेक्ट. एका देठावर दोन फुलं, रिजेक्ट. देठ मोडल्यावर आतून पोकळ निघाला आणि पांढरा चीक आला की मग तोंडी परीक्षा. अंकल आडवे होऊन मुळाशी नाक लावतात. गल्लीतलं प्रत्येक कुत्रं ते घराच्या नंबरानिशी वासावरून ओळखतात. "सत्तावीसवाला लॅब्रॅडॉर उजवा पाय उचलतो," त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. "खांबाच्या डावीकडचं सेफ आहे."

मी सोलापूरचा. मी त्यांना म्हटलं, अंकल, ही तर आमच्या पाथरीची सख्खी बहीण दिसते, आम्ही पाथरी भाकरीबरोबर कच्ची खातो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बस्त्यावलाच खाण्याची भाषा केली.

बस्त्याव म्हणजे त्यांचा ससा. व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या, कागदावर त्याचं नाव मफिन आहे. अंकलच्या मुलीने, रीनाने, युनिव्हर्सिटीत असताना तो आणला आणि तिनेच ते नाव ठेवलं. अंकलनी ते पहिल्याच दिवशी रिजेक्ट केलं. सशाचे पुढचे दात हुबेहूब त्यांच्या बस्त्याव मामासारखे होते. पुढे रीनाला ब्रिस्बेनला नोकरी लागली. तिकडे क्वीन्सलँड राज्यात ससा पाळणं हा गुन्हा, म्हणून ससा बापाकडे राहिला. तिने बापालाही बोलावलं होतं. बाप गेला नाही, तिला सोडायला एअरपोर्टलाही गेला नाही. बापलेकीत तेव्हा काय फाटलं, हे मी दोनदा विचारून पाहिलं. दोन्हीदा उत्तर एकच: "टॉपिक रिजेक्ट."

या जानेवारीत बस्त्यावच्या दाढा व्हेटने कापल्या. नऊ वर्षांचा म्हातारा तो. त्यानंतर त्याने सुकं गवत सोडलं, दुकानातलं गोळ्यांचं खाणं सोडलं, फक्त कोवळा डँडेलियन तेवढा तोंडात घ्यायचा. ससा दिवसभर उपाशी राहिला तर त्याचं पोट बंद पडतं, व्हेट म्हणाला, आणि मग ससा राहत नाही. त्यात फेब्रुवारी, म्हणजे इथला कडक उन्हाळा. वेरिबीचं गवत भाजलेल्या पापडासारखं झालेलं. आणि जिथे हिरवं उरलं होतं तिथे कौन्सिलने तणनाशक मारलेलं, गुलाबी रंग घालून, म्हणजे लोकांना कळावं. अंकल रोज पहाटे टॉर्च घेऊन निघायचे आणि चार-चार पानं जमवायचे.

अशी तीन दिवसांची बेगमी झाली आणि नेमका त्यांचा फ्रिज बंद पडला. अंकलनी पाला धुतला, पुसला, एका मापाची पानं जुळवून पिशवीत भरली, पिशवी आमच्या दाराच्या कडीला अडकवली आणि बस्त्यावला घेऊन व्हेटकडे गेले. मला मेसेज टाकला, फ्रिजमध्ये ठेव. मी शिफ्टला होतो, फोन लॉकरमध्ये.

आता आमच्या गल्लीत कडीला पिशवी म्हणजे भाजी. कोपऱ्यावरच्या तेलुगू घरातून कढीपत्ता येतो, समोरच्या पंजाबी आंटींकडून मेथी. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. वर्षाने पिशवी उघडली, इतका निवडलेला पाला पाहून देणाऱ्याला आशीर्वाद दिला, आणि लसणाची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून भाजी केली. मी आलो आणि दोन भाकऱ्यांबरोबर ती संपवली. आईच्या हातची चव आली, असं म्हणालो. मग हात धुऊन फोन पाहिला.

पाच वाजता अंकल दारात. मी काही बोलायच्या आत त्यांची नजर कढईकडे गेली. ते आत आले, कढईच्या कडेला चिकटलेलं एक पान नखाने काढलं, जिभेवर ठेवलं. वर्षा भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी.

"लसूण जास्त," अंकल म्हणाले. "रिजेक्ट." मग माझ्याकडे वळले. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याने. गाडी काढ."

बाहेर एक्केचाळीस डिग्री. स्टिअरिंगवर डोसा झाला असता. अंकल खिडकीतून डोकं बाहेर काढून गटारांच्या कडा वाचत होते. पार्क गुलाबी. फुटबॉलच्या मैदानामागे नुसते चुलतभाऊ. एका पेट्रोल पंपाच्या गळक्या नळाखाली खरी चार पानं सापडली. अंकलनी वास घेतला आणि टाकून दिली. डिझेल.

"अंकल, घ्या हो," मी कळवळून म्हटलं. "तो उपाशी आहे."

"उपाशी आहे म्हणून काहीही द्यायचं?"

शेवटी गाडी वेरिबी साउथच्या भाजीमळ्यांपर्यंत गेली. एका कुंपणापलीकडे अंकलना वाफा दिसला. वाफा, रांगा पाडलेला, पाणी घातलेला, आणि त्यात डँडेलियन. कोणीतरी मुद्दाम लावलेला. अंकलनी चर्चमध्ये काढावी तशी टोपी काढली.

आतून काळ्या कपड्यातली इटालियन आजी पाइप घेऊन आली. ते लोक याचं सॅलड करतात. तिचं इंग्लिश इटालियन, यांचं वसईचं. पण दोघांनी एकेक पान खुडलं, मोडलं, चीक पाहिला, हुंगलं, आणि एकमेकांकडे बघून मान डोलावली. शंभर वर्षांचा परिचय असावा तशी. घरात किती माणसं, तिने विचारलं.

"टू," अंकल म्हणाले.

तिने पिशवी गच्च भरून दिली आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये लसणावर परतायला सांगितलं. "नो गार्लिक," अंकल म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. पिशवी घेऊन मीही त्यांच्यामागे आत गेलो. अंकलनी एक पान घेतलं, घाईघाईने केस विंचरले, सशाच्या पाण्याच्या वाडग्याला फोन टेकवला आणि किचनच्या लादीवर पालथे पडले. सहाला व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर रीना. तिला समोर दिसत असणार फक्त बस्त्याव आणि पान धरलेली दोन बोटं.

बस्त्यावने पान हुंगलं. तोंड फिरवलं. मग त्याने पुन्हा हुंगलं आणि कुरतडायला लागला.

"गुड बॉय, मफिन," रीना म्हणाली. "आज किती हॉट होतं तिकडे. तू उन्हात नाही ना फिरलास?"

"नाही फिरलो," अंकल म्हणाले, सशासाठी काढलेल्या बारीक, नाकातल्या आवाजात. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आणि जेवलास काय?"

"शेजारून भाजी आलेली. लसूण जास्त होता."

ती हसली.

"मफिन," ती म्हणाली, "ईस्टरला मी येऊ का?"

पान संपलं. अंकलची रिकामी बोटं तशीच हवेत राहिली. मी पिशवीतून दुसरं पान काढून त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते न तपासता, न हुंगता पुढे केलं.

"ये," पास्कल अंकल म्हणाले. हा आवाज सशाचा नव्हता.