मार्लिसची गाडी आत जाते

"आज दुपारी बाराच्या आत गॅरेज रिकामं, आणि आज माझी गाडी आत!" मार्लिसने शनिवारी सकाळी सात वाजता जाहीर केलं. ऐकायला फक्त नवरा होता, पण आवाज तिने अख्ख्या गल्लीला पुरेल असा लावला होता.

तिचंही खरंच होतं हो! अकरा हिवाळे खोकी गॅरेजात उबेला आणि गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी काच खरवडून खरवडून बाईंचा खांदा धरलेला. डॉक्टरने यंदा बजावलं होतं, "खरवडणं बंद!" आणि मिनेसोटातला अर्धा ऑक्टोबर सरला होता, बर्फ आज पडेल की उद्या, एवढाच प्रश्न.

तयारी बघावी तर मार्लिसची! गॅरेजातलं जुनं सामान दारातच विकायला काढलेलं: सायकली, दिवे, जुनी पुस्तकं ओळीने मांडलेली. सगळ्यांत पुढे काचेच्या भांड्यांचं टेबल, ओव्हनमध्ये चालणारी, चांगले बेचाळीस नग! ती खोक्यांतून काढून किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम नवऱ्याकडे, म्हणजे ड्वेनकडे. ड्वेन कामाशिवाय तोंड उघडत नाही आणि कामातही क्वचितच उघडतो.

आठ वाजता चर्चच्या गायनमंडळातली व्हर्ना आली. तिने एक निळं भांडं उचललं, उलटं केलं, बुडाशी पाहिलं. मग मार्लिसकडे पाहिलं. मग पुन्हा बुडाशी.

"छान आहे. केवढ्याला?"

"तीन डॉलर."

"दोनला नाही जमणार?"

"अगं, असं भांडं आता मिळतं का कुठे? किती जपून वापरलंय बघ!"

"ते दिसतंय," म्हणत व्हर्नाने तीन डॉलर काढले.

अर्ध्या तासात दारात ही रांग! सगळ्या चर्चच्याच बायका. सायकलींकडे कुणी ढुंकून पाहीना. यायचं, भांडी उलटी करायची, एखादं दिसलं की दचकायचं आणि पैसे देऊन निघायचं. मार्लिसला राहवेना. बुडाशी आहे तरी काय एवढं? जुन्या कारखान्याचा शिक्का? म्हणजे ही भांडी दुर्मिळ आहेत की काय! आणि या साळसूद बाया आपल्याला गंडवतायत!

तिने ताबडतोब भाव दुप्पट केला. तरी बायका देतच राहिल्या! एकीने तर "सॉरी हं" म्हणून दिले.

साडेनऊला नव्वदीच्या हिल्डरबाई काठी टेकत आल्या. पिवळं भांडं चाचपून म्हणाल्या, "मार्लिस, चष्मा राहिला घरी. बुडाशी काय लिहिलंय, वाच गं."

मार्लिसने भांडं उलटं केलं. कागदी चिकटपट्टी, आणि तीवर ठसठशीत अक्षरात: हिल्डर ओस्बी.

तिने शेजारचं भांडं उलटं केलं, मग त्यापुढचं. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव! चर्चचं जेवण असो की कुणाच्या मयतानंतरचं, भांडी हरवू नयेत म्हणून प्रत्येक बाई बुडाला नाव चिकटवते. आणि मागे राहिलेली भांडी "मी पोचवते हं घरोघरी" म्हणत अकरा वर्षं कोण घेऊन येत होतं? हीच की! आणि पोचवायचं राहूनच गेलं.

"माझंच ना?" हिल्डरबाईंनी विचारलं.

"तुमचंच."

"मग सहा डॉलर कशाचे?"

व्हर्ना अजून फुटपाथवर बायकांशी गप्पा मारत होती, मार्लिसने धावत जाऊन तिला गाठलं. "तू बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं ना!"

मग तोफ ड्वेनकडे वळली. "चिठ्ठ्या लावताना नावं दिसली नाहीत?"

"दिसली."

"मग?"

"वाटलं, तुम्हा बायकांची काही पद्धत असेल."

मार्लिसने सगळ्यांचे पैसे परत केले, उरलेली भांडी ज्याची त्याला दिली आणि लाजेने बाकीच्या सगळ्यावर 'फुकट' अशी पाटी लावली. बारा वाजता गॅरेज लख्ख! तिने गाडी आत घेतली, उतरली आणि बॉनेटवर हात ठेवून चक्क रडली. अब्रू गेली खरी, पण खांदा वाचला!

चार वाजता व्हर्ना पुन्हा हजर. हातात गरमागरम बटाटा-खिमा भरलेलं मार्लिसचंच भांडं, मागे नवरा शिडी घेऊन.

"मलाही चैन पडेना, म्हणून आमचं तळघर धुंडाळलं. हे बघ, सगळ्यावर तुझं नाव! तुझ्या शिडीला आमच्याकडे आठ वर्षं झाली गं!"

तिच्यापाठोपाठ अख्खं चर्च! आपापली कपाटं उपसून आलेलं. मार्लिसची भांडी, मार्लिसचे ट्रे, मार्लिसच्या घडीच्या खुर्च्या, मार्लिसच्या मुलांची बर्फावरची घसरगाडी, मार्लिसची शंभर कपांची कॉफीची टाकी! आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून प्रत्येक भांड्यात काहीतरी शिजवलेलं. मार्लिस नको म्हणायला तोंड उघडायची, आणि तोंडातून "थँक्यू" पडायचं. सामान ठेवायलाही गॅरेज आणि सगळ्यांना जेवायला बसवायलाही गॅरेजच! साडेपाचला तिने गाडी स्वतःच्या हाताने, पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून, जरा बाहेर घेतली.

सोमवारी पहिला बर्फ पडला. गाडी आत लावायला आता तशी काहीच अडचण नाही. फक्त त्याआधी एकवीस खुर्च्या तेवढ्या बाहेर काढाव्या लागतात.