बुडालेल्या घराची किल्ली

घर धरणात गेलं, कुलूप धरणात गेलं, पण किल्ली मात्र नकाशेवाल्याच्या वडिलांनी मरेपर्यंत खिशात वागवली. तीही तेल लावून, चकचकीत. ते गेल्यावर आईने खिसा रिकामा केला आणि बजावलं, "ही आपल्या दारात टाकायची. आपल्याच! दुसरीकडे कुठे नाही."

नकाशेवाला नकाशाच्या कचेरीत नोकरीला. गाव बुडण्याआधी विमानातून काढलेला फोटो त्याने शोधून आणला. फोटो म्हणजे बारीक चौकटींची जाळी. ओळी मोजून ती कॉम्प्युटरमधल्या नकाशावर बसवायची. घर कितव्या ओळीत आणि कितव्या रकान्यात ते सांगायचं, की कॉम्प्युटर अक्षांश-रेखांश काढून देतो. मग मोबाइलवरचा ठिपका नेईल तिकडे नाव न्यायची.

"आणि चुकलं तर?" बायकोने विचारलं.

"कॉम्प्युटर चुकत नाही."

"तुम्ही?"

शिकलेल्या माणसाला असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

धरणावर नाववाल्याची मात्र दमछाक झाली. नकाशेवाला मोबाइल बघत सांगत होता, "थोडं पुढं... अहो, एवढं नाही! मागं घ्या, मागं. हां, थांबा! आई, आपण अंगणात आहोत."

आईने पाण्याकडे पाहिलं. "अहो, आलं हो घर," ती म्हणाली आणि हमसाहमशी रडली. नवरा गेला तेव्हा रडली नाही म्हणून पाहुण्यांनी नावं ठेवली होती, त्याची सगळी भरपाई झाली. काही नातं नसताना नाववाल्यानेही डोळे पुसले. किल्ली डुबुक्कन गेली.

घरी आल्यावर बायको कॉम्प्युटरमधल्या नकाशावर बसवलेल्या त्या फोटोकडे बघत राहिली. "अहो, नदी डोंगरावर कशी चढली?"

नकाशेवाल्याचा चेहरा पडला. अक्षांश खालून वर वाढतात, म्हणून या शहाण्याने फोटोच्या ओळीही खालून मोजल्या. कॉम्प्युटर बिचारा वरून मोजत होता. अख्खं गाव उलटं पडलं होतं. वरची आळी खाली, खालची वर.

"मग किल्ली कुठे टाकली आपण?" आई दारातच उभी होती.

"खालच्या आळीत. काकूच्या अंगणात."

काकू म्हणजे आईची थोरली जाऊ. एका पातेल्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. काकू गेली तेव्हा आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"म्हणजे मी एवढी रडले ती तिच्या दारात?"

"उद्या लोहचुंबक घेऊन जाऊ, आई. काढतो मी."

आई उंबऱ्यावरच बसली. आत गॅसवर त्याच पातेल्यात दूध तापत होतं.

"तिला वाटलं असेल, पातेलं परत द्यायला आले," ती म्हणाली. कुणाला हसू आलं नाही.

"मग काय करू?"

"राहू दे तिथेच." किल्ली बांधून नेलेला रिकामा रुमाल आईने गुडघ्यावर सारखा केला. "बोलणं होतं तेव्हा, कुठे गावाला निघालो की हे किल्ली तिच्याकडेच ठेवून यायचे."